ईजीआरला पट्टी मारण्याआधी

डिझेल गाडीचा चेक लाइट लागला, पिकअप गेला आणि स्कॅनरवर ईजीआरचा कोड आला की गाडीमालकाला दोनच सल्ले मिळतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, व्हॉल्व्ह बदला. कोपऱ्यावरच्या गॅरेजात सांगतात, पट्टी मारून टाकू, पुन्हा कटकट नाही. ईजीआर म्हणजे जळालेल्या वायूचा थोडा भाग इंजिनात परत सोडणारी यंत्रणा, आणि पट्टी म्हणजे तिच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसवलेला पत्र्याचा तुकडा. तो बसला की जळालेला वायू इंजिनात परत जाण्याची वाट बंद होते. हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत आणि दुसरा तर चुकीचा आहे, असं माझं मत आहे. ते मत तपासून घ्यायला समोर तितकाच जाणता माणूस हवा, म्हणून हा लेख संवादाच्या रूपात लिहिला आहे. यातले मेस्त्री म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे, पण त्यांच्या तोंडचा युक्तिवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतो आणि तो मी जमेल तितका भक्कम मांडला आहे. उदाहरणासाठी १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन घेतलं आहे. फियाटचं हे १२४८ सीसीचं इंजिन पुण्याजवळ रांजणगावला तयार होत असे. स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं, म्हणून त्याला ‘देशाचं डिझेल इंजिन’ म्हणायची पद्धत पडली. बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले त्या वेळी, २०२० मध्ये, मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. तरी जुन्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत, आणि त्यांच्या ईजीआरची तक्रार गॅरेजात नेहमीचीच आहे.

मेस्त्री: साहेब, इंजिनाला ताजी हवा लागते हे पोरांनाही कळतं. मग एकदा जळून बाहेर पडलेला गॅस परत आत सोडायचं कारण काय? लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड खोलून बघा. आतलं ॲल्युमिनियम दिसत नाही. काळा, ओला, चिकट थर असतो, आणि वाट निम्मी राहिलेली असते. हा सगळा ईजीआरचा प्रताप. पट्टी मारली की थर बसायचा थांबतो, पिकअप परत येतो, धूर कमी होतो, ॲव्हरेजही थोडं सुधारतं. दोन बोल्ट आणि एक पत्रा, तासाभराचं काम. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि त्या तक्रारीसाठी पुन्हा येत नाही. नव्या व्हॉल्व्हला हजारो रुपये कशाला मोजायला लावू?

लेखक: मेस्त्री, यातलं बरंचसं खरं आहे, आणि ते नाकारून वाद घालण्यात अर्थ नाही. थर बसतो हे खरं. पट्टी मारल्यावर धूर कमी होतो हेही खरं. पण व्हॉल्व्ह तिथे का आहे ते आधी बघू. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोन वायू एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मात्र त्यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ लागतो, आणि तापमान वाढेल तसा तो झपाट्याने वाढतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात ही अभिक्रिया उलगडून दाखवली. यावर इंजिनवाल्यांनी शोधलेला उपाय साधा आहे. जळालेल्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त असते. त्याचा थोडा भाग ताज्या हवेत मिसळला की ज्वाळेची धग कमी होते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी बनतात. डिझेल इंजिनाला हे परवडतं, कारण कमी भारावर त्याच्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा असते. त्यातली काही जागा जळालेल्या वायूने घेतली म्हणून डिझेल जळायचं राहत नाही. आता तुमच्या पिकअपच्या मुद्द्याकडे येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ईजीआर बंद करतो. घाट चढताना, ओव्हरटेक करताना निरोगी व्हॉल्व्ह मिटलेला असतो आणि इंजिनाला सगळी ताजी हवा मिळते. म्हणजे पट्टी मारल्यावर ज्या गाडीचा पिकअप परत आला, त्या गाडीचा व्हॉल्व्ह मिटायला हवा तेव्हा मिटत नव्हता. काजळीने तो अर्धवट उघडा अडकला होता. तुम्ही पट्टी मारलेल्या गाडीची तुलना आजारी गाडीशी करता, म्हणून पट्टी जिंकते. ती तुलना साफ केलेल्या, नीट मिटणाऱ्या व्हॉल्व्हच्या गाडीशी करून बघा. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर दोन्ही गाड्यांत फरक राहायला कारणच उरत नाही.

मेस्त्री: ठीक. पण हे नायट्रोजनचं प्रकरण कुणाला दिसतं? पीयूसीला गाडी लावा. पट्टी मारलेली गाडी पास होते, उलट धुराचा आकडा आधीपेक्षा चांगला येतो. सरकारच पास करतंय तर माझा गुन्हा काय? आणि समोरून ट्रक जातो, एसटी जाते, बांधकामावरचे जनरेटर चालू असतात. एका स्विफ्टच्या व्हॉल्व्हने शहराची हवा बिघडत नाही.

लेखक: पीयूसीत डिझेल गाडीची फक्त धुराची घनता मोजतात. पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड दोन्हीकडे मोजत नाहीत. त्यामुळे ईजीआर बंद केलेली गाडी पीयूसीत पास झाली, यातून गाडी स्वच्छ आहे असं सिद्ध होत नाही. जे वाढलं ते तिथे तपासलंच नाही, एवढंच कळतं. हा पीयूसीचा मोठा दोष आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा. पण न मोजलेल्या गोष्टीचा परिणाम थांबत नाही. सायलेन्सरमधून निघालेला नायट्रिक ऑक्साइड हवेत नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तो श्वासनलिकेला सूज आणतो, दमा असलेल्याला जास्त त्रास देतो. उन्हात इतर वायूंबरोबर त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि त्याच्याच नायट्रेटपासून फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कणही तयार होतात. भारताने २००९ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठेवली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १० सुचवली. म्हणजे ज्ञान वाढत गेलं तशी भीती कमी झालेली नाही. एका गाडीचा हिशेब करायचा तर बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमची मुभा होती. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर ३ किलो. व्हॉल्व्ह बंद केल्यावर हे प्रमाण दुप्पट झालं असं नुसतं गृहीत धरलं तरी वर्षाला आणखी ३ किलो वायू, तोही उंच धुरांड्यातून नव्हे, सिग्नलवर उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या तोंडाच्या पातळीवर. ट्रक जास्त सोडतो हे खरं आहे, पण त्याने आपले ३ किलो माफ होत नाहीत. ‘एकाने काय होतं’ हा हिशेब करणारे गाडीमालक एका शहरात हजारोंनी असतात.

याच मुद्द्यावर एका बलाढ्य कंपनीचं काय झालं तेही आठवा. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने फोक्सवॅगनला पकडलं. गाडी तपासणीला लागली आहे हे सॉफ्टवेअर ओळखत होतं. तेवढ्या वेळापुरतं उत्सर्जन नियंत्रण नीट चालायचं आणि रस्त्यावर ढिलं पडायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. भारतातही पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने या गाड्यांची तपासणी केली आणि कंपनीला सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तपासणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, हाच त्या प्रकरणाचा आरोप होता. पट्टी मारलेली गाडी पीयूसीच्या कागदावर चालवणं याहून वेगळं कसं ठरवायचं, ते मला कळत नाही.

मेस्त्री: फोक्सवॅगनचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. तिथे कंपनीने सॉफ्टवेअर सुधारून दिलं, ईजीआर जास्त चालायला लागला, आणि मग युरोपातल्या मालकांच्या व्हॉल्व्ह चोक झाल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे माझंच खरं ठरलं. ही रचनाच अशी आहे की ती चोक होणार. आमच्याकडे तर सकाळी पोराला शाळेत सोडायचं, दोन किलोमीटरवर ऑफिस, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये तासभर पहिला-दुसरा गिअर. हायवे महिन्यातून एकदा. अशा गाडीचा ईजीआर स्वच्छ राहायचा कसा?

लेखक: त्या तक्रारी आल्या होत्या, आणि तो तुमच्या बाजूचा सगळ्यात सबळ पुरावा आहे. जास्त चालणारा ईजीआर जास्त काजळी ओढतो, यात वाद नाही. पण सारख्याच मॉडेलच्या, सारख्याच किलोमीटरच्या दोन गाड्यांपैकी एकीचा व्हॉल्व्ह घट्ट चिकटतो आणि दुसरीचा चालत राहतो, हे तुम्हीही बघत असाल. नुसत्या रचनेचा दोष असता तर दोन्ही सारख्याच चिकटल्या असत्या. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की या गाडीत एवढी काजळी आली कुठून आणि ती चिकटली कशाने? पट्टी मारणारा हा प्रश्न टाळतो आणि न बघता नवा व्हॉल्व्ह बसवणाराही टाळतो. माझा सगळा आग्रह एवढ्या एका प्रश्नासाठी आहे.

काजळी कोरडी असते. नुसती कोरडी काजळी बरीचशी वायूबरोबर वाहून जाते. ती चिकटते तेलामुळे. क्रँककेसमधली तेलाची वाफ ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या आधी, आत येणाऱ्या हवेत सोडलेली असते. ती वाफ हवेबरोबर मॅनिफोल्डकडे येते, तिथे ईजीआरची काजळी भेटते आणि दोघांचा तुम्ही सांगितलेला ओला थर बनतो. भिंत थंड असेल तर तो लवकर बसतो. म्हणून मॅनिफोल्ड खोलल्यावर थर कसा आहे ते आधी बघायला हवं. तो कोरडा आणि भुसभुशीत असेल तर काजळी प्रमाणाबाहेर तयार होते आहे, म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा डिझेल नीट फवारलं जात नाही. एअर फिल्टर भरलेला असेल, टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी चिरलेली असेल, एखादा इंजेक्टर गळत असेल. थर ओला, चकाकता, तेलकट असेल तर तेल कुठून येतं ते शोधायचं. तेल खुणेच्या वर भरलेलं आहे का, टर्बोचं सील गेलं आहे का, ब्रीदरमधून जास्त फुंकर येते का. जास्त फुंकर आली तर पिस्टनच्या रिंगांपर्यंत संशय न्यावा लागेल. तिसरं कारण सगळ्यात सोपं असून सगळ्यात दुर्लक्षित असतं, ते म्हणजे थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला की कूलंट तापतच नाही. पावसाळ्यात, थंडीत काटा मध्यापर्यंत येत नाही, मालकाला वाटतं गाडी छान थंड चालते. प्रत्यक्षात इंजिन कायम अर्धवट तापलेलं असतं, डिझेल नीट जळत नाही, आतल्या भिंती गार राहतात आणि थर भराभर चढतो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघितलं तर हे पाच मिनिटांत कळतं. पंधरा-वीस मिनिटं चालवलेल्या गाडीचा आकडा ८५ अंशांच्या आसपास पोचत नसेल तर नवा ईजीआर बसवूनही तो वर्षभरात जुन्यासारखाच होईल. अशा गाडीत दोष थर्मोस्टॅटचा, शिक्षा व्हॉल्व्हला.

शहरातल्या वापराचा तुमचा मुद्दा राहिला. तो खरा आहे आणि त्यावर पूर्ण उपाय नाही. रोज दोन किलोमीटर चालवायला डिझेल गाडी घेणं हीच मुळात चुकीची निवड आहे, आणि गाडी विकणाऱ्याने ते सांगायला हवं होतं. पण घेतलेली गाडी आठवड्यातून एकदा पूर्ण तापेपर्यंत, मोकळ्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये थोड्या जास्त आरपीएमवर अर्धा तास चालवली तर थर चढण्याचा वेग नक्की कमी होतो. ॲव्हरेजच्या नादाने चौथ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगाने इंजिनाला कण्हत ठेवणं मालकांनी सोडलं पाहिजे.

मेस्त्री: हे सगळं शोधत बसायला वेळ कुणाकडे आहे? गिऱ्हाईक सकाळी गाडी देतं आणि संध्याकाळी मागतं. तपासणीचे पैसे द्यायला तयार नसतं, पार्टचे देतं. आणि साफ करून दिलं तर सहा महिन्यांनी परत येऊन म्हणतं, तुम्ही काही केलंच नाही. कंपनीवाले तर साफ करतच नाहीत, थेट नवा टाकतात.

लेखक: तपासणीला मजुरी मिळत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. निदानाचे पैसे मागितले की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि नको असलेल्या पार्टचे पैसे निमूट देतं. ही सवय मालकांनी बदलायला हवी, कारण तिचा भुर्दंड त्यांनाच बसतो. पण ही तपासणी तुम्ही समजता तितकी लांबही नाही. आधी व्हॉल्व्ह खोलायचाच नाही. गाडी गरम करून आयडलवर ठेवायची, स्कॅनरवर हवेच्या सेन्सरचा आकडा बघायचा आणि स्कॅनरवरूनच ईजीआरला उघडायचा हुकूम द्यायचा. व्हॉल्व्ह उघडला आणि वायू खरंच आत आला तर ताज्या हवेचा आकडा स्पष्ट खाली येतो, इंजिनाचा आवाजही बदलतो. हुकूम बंद केला की आकडा पुन्हा वर जातो. आता बघा, एवढ्यावरून किती कळतं. व्हॉल्व्हची जागा बदललेली दिसते पण हवेचा आकडा हलत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह चालतो आहे आणि पुढची-मागची नळी किंवा कूलर तुंबला आहे. जागाच बदलत नाही, म्हणजे मोटर, वायर किंवा चिकटलेला दांडा. सगळं नीट चालतं आणि तरी कोड येतो, म्हणजे हवेचा सेन्सरच चुकीचं सांगत असण्याची शक्यता आहे. पी ०४०१ म्हणजे प्रवाह कमी, पी ०४०२ म्हणजे प्रवाह जास्त, पी ०४०३ म्हणजे विजेच्या जोडणीत बिघाड. यांतला कुठलाही कोड ‘व्हॉल्व्ह बदला’ असं म्हणत नाही. आणि तुटलेल्या वायरवर नवा व्हॉल्व्ह लावला तर तोही चालणार नाही.

साफ करायचा ठरला तर तोही नीट साफ करायला हवा. सहा महिन्यांत परत येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच अर्धवट सफाईच्या असतात. इंजिन पूर्ण गार हवं, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी. व्हॉल्व्हला कूलंटच्या नळ्या असतील तर त्या चिमटून घ्यायच्या. बोल्ट उष्णतेने आणि गंजाने धरलेले असतात, त्यांना गंज सोडवणारं तेल मारून वेळ द्यायचा. घाईत मुंडी तुटली तर दिवस जातो. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह काजळीची बाजू खाली आणि मोटरची बाजू वर असा धरायचा, म्हणजे क्लीनर मोटरमध्ये उतरत नाही. पूर्ण व्हॉल्व्ह डब्यात बुडवून ठेवायची पद्धत आहे, तिने मोटर आणि पोझिशन सेन्सर दोन्ही मरतात. नायलॉनचा ब्रश वापरायचा. स्क्रूड्रायव्हरने किंवा तारेच्या ब्रशने दांड्याची बैठक खरवडली की तिच्यावर ओरखडे पडतात आणि साफ झालेला व्हॉल्व्ह पुन्हा कधी पूर्ण मिटत नाही. दांडा हाताने जोर लावून दाबायचा नाही, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. इंजिनाच्या बाजूचं तोंड आणि नळीही खरवडायची असते, पण आधी आत फडकं कोंबून, नाहीतर सुटलेली ढेकळं सरळ सिलिंडरकडे जातात. मॅनिफोल्डवरच्या प्रेशर सेन्सरचं टोक याच वेळी पुसायचं, कारण तेही काजळीत बुडालेलं असतं आणि खोटा आकडा देत असतं. जुनं गॅस्केट परत लावायचं नाही. शेवटी स्कॅनरने व्हॉल्व्हची शून्य जागा ईसीयूला नव्याने शिकवायची आणि सुरुवातीची हवेच्या आकड्याची चाचणी पुन्हा करून तो आकडा बिलावर लिहायचा. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी आलं तर तुमच्याकडे पुरावा असेल. एक विनंती तुमच्यासाठी: कोरडी काजळी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, हातमोजे आणि मास्क घाला. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, आणि त्या काजळीत रोज हात घालणारे तुम्ही आहात.

मेस्त्री: आणि बाजारात तो स्प्रे मिळतो, चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये मारायचा? खोलायची कटकटच नाही.

लेखक: हलका थर असेल तर त्याने थोडा फरक पडतो. जाड थरावर तो मारू नये. मोठा पोपडा सुटला तर तो व्हॉल्व्हच्याच फटीत अडकतो किंवा आत ओढला जातो. शिवाय डिझेल इंजिनाला इनटेकमधून दिलेला ज्वालाग्राही स्प्रे म्हणजे ईसीयूच्या ताब्याबाहेरचं इंधन. जास्त मारला तर इंजिन आपोआप वेग घेऊ शकतं. ज्या व्हॉल्व्हसाठी चेक लाइट लागला आहे, तो खोलूनच साफ करावा.

मेस्त्री: म्हणजे बदलायचाच नाही का?

लेखक: बदलायचा, आणि वेळ आली की चालढकल न करता बदलायचा. दांडा बाजूला हलतो, बैठकीला खड्डे पडले आहेत, मोटरच्या गिअरचे दात झिजले आहेत, पोझिशन सेन्सरचा आकडा उड्या मारतो, किंवा व्यवस्थित साफ करून, कारण दुरुस्त करूनही तोच कोड परत आला, अशा गाडीत सफाईचा हट्ट धरणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे दोनदा घालवणं. बदलताना स्क्रॅप बाजारातला जुना व्हॉल्व्ह टाळावा. त्याची झीज आपल्याला दिसत नाही. दिसायला सारखा पण पार्ट नंबर वेगळा असलेला व्हॉल्व्हही नको, कारण त्याचा उघडण्याचा हिशेब ईसीयूच्या हिशेबाशी जुळेलच असं नाही. आणि एक भाग असा आहे की तिथे थांबायची मुभाच नाही, तो म्हणजे ईजीआर कूलर. गरम वायू कूलंटने थंड करणारा हा भाग आतून फुटला की कूलंट वायूच्या वाटेत उतरतो. बाहेर गळती दिसत नाही, पण टाकीतली पातळी कमी होत जाते, कधी पांढरा धूर येतो. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या. कूलरमधून गळलेलं ग्लायकॉल काजळीच्या थराशी मिळून पेटू शकतं, असं कारण कंपनीने दिलं. आधी कोरियात १ लाखाहून जास्त आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत जगभरात १६ लाख गाड्या परत बोलवल्या गेल्या. त्यामुळे कारण न कळता कूलंट कमी होत असेल तर वरचेवर पाणी ओतून गाडी चालवत राहू नका, कूलरची प्रेशर चाचणी करा.

मेस्त्री: हीच आग मी पट्टी मारण्याच्या बाजूने सांगेन. गॅस आत गेलाच नाही तर पेटणार काय?

लेखक: पट्टीने गॅस अडतो, फुटलेला कूलर फुटलेलाच राहतो आणि कूलंट वायूच्या वाटेत उतरतच राहतो. तो साचून कुठे तरी जाणारच. शिवाय पट्टीचा हिशेब बीएस-४ च्या जुन्या गाडीवर निदान तात्पुरता तरी जमतो, नव्या गाड्यांत तोही जमत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल कारला ०.२५ च्या जागी ०.०८ ग्रॅमची मर्यादा आहे. पुढे काजळी गाळणारा डीपीएफ, कुठे नायट्रोजन ऑक्साइड पकडणारा कॅटॅलिस्ट, कुठे युरिया फवारणारी यंत्रणा, आणि या सगळ्यांचा हिशेब ईजीआर चालू आहे हे धरून मांडलेला. तो बंद केला की ईसीयूला कळतं, गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली जाते. मग पट्टीपाठोपाठ सॉफ्टवेअर बदलावं लागतं, म्हणजे एका दोषावर दुसरा. पेट्रोल गाडीत तर तोटा उघडच आहे. मारुतीच्या १.२ लिटर ड्युअलजेट इंजिनात थंड केलेला ईजीआर आहे, कारण कमी भारावर तो इंजिनाची हवा ओढायची मेहनत वाचवतो आणि ॲव्हरेज देतो. तिथे तो बंद करणं म्हणजे पेट्रोल जाळणं. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि प्रदूषणाचं मानक मोडलं तर कलम १९०(२) खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही कारवाई मालकावर होते. पट्टी सुचवताना त्याला हे सांगितलं जात नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मेस्त्री: मग उद्या गिऱ्हाईक स्वतःच म्हणालं, पट्टी मारा, तर?

लेखक: तर त्याला आधी कूलंटचं तापमान, हवेचा आकडा आणि खोललेल्या व्हॉल्व्हचा थर दाखवा. काजळी कुठून येते ते बोट ठेवून सांगा, त्या तपासणीची मजुरी वेगळी लावा आणि बिलावर कारण लिहून द्या. एवढं करूनही तो हटून बसला तर ते काम घेऊ नका. आणि जुनी डिझेल गाडी विकत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: रंग आणि टायर बघून झाले की गॅरेजवाल्याला स्कॅनर लावायला सांगा, आयडलवर ईजीआर उघडायला लावा आणि हवेचा आकडा बघा. व्हॉल्व्ह उघडल्याचं स्कॅनर सांगतो आणि आकडा मात्र जागचा हलत नाही, तर वाट तुंबली असेल नाहीतर आधीच्या मालकाने पट्टी मारली असेल. तसं निघालं तर पट्टी काढून, व्हॉल्व्ह साफ करून किंवा बदलून घेण्याचा खर्च आधी किमतीतून वजा करून मगच सौदा ठरवा.